जुना संगणक निर्लेखित करण्यापूर्वी



आपल्या पुष्कळ शाळांत कोठे तरी एक संगणक आच्छादनाखाली झाकून ठेवलेला आढळतो. जडसंग्रह नोंदवहीत त्याच्यापुढे ‘नादुरुस्त’ अथवा ‘कालबाह्य’ असा शेरा असतो, आणि त्याचे एकदाचे निर्लेखन होऊन जागा मोकळी व्हावी अशी मुख्याध्यापकांची इच्छा असते. हे दोन्ही शेरे आपण एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः ते भिन्न आहेत. नादुरुस्त यंत्राचा एखादा भाग बिघडलेला असतो. कालबाह्य म्हटलेल्या यंत्राचे सर्व भाग मात्र पुष्कळदा धडधाकट असतात. नव्या कार्यप्रणालीशी त्यांचा मेळ बसत नाही, एवढेच. असे यंत्र दुसऱ्या एखाद्या प्रणालीवर आणखी काही वर्षे मुलांच्या उपयोगी पडेल किंवा नाही, हे कसे तपासावे ते प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

हा विषय निवडण्यास माझी स्वतःची एक चूक कारण झाली. काही वर्षांपूर्वी एका शाळेतील चार संगणकांचा निर्लेखन प्रस्ताव माझ्याकडे आला. चारही एकाच खरेदीतील, एकाच बनावटीचे. ‘नवी प्रणाली चालत नाही, कालबाह्य’ असे कारण दिलेले होते. मी यंत्रे न पाहता शिफारस करून सही केली. यादीत अनुक्रमांकाची चूक झाल्यामुळे तीनच संगणक पुनर्चक्रणासाठी गेले व चौथा शाळेत राहिला. पुढे तेथे आलेल्या एका तरुण शिक्षिकेने त्याला पेनड्राइव्हवरून लिनक्स प्रणाली लावून पाहिली. मी भेटीस गेलो तेव्हा तिसरीतील मुले त्या संगणकावर आपापली नावे मराठीत लिहीत होती. एका यंत्रापुढे सव्वीस मुलांची रांग होती. शिक्षिका सहज म्हणाल्या, “साहेब, असे आणखी तीन असते तर रांग लागली नसती.” त्या तिघांच्या प्रस्तावावर कोणाची सही होती हे त्यांस ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

कार्यप्रणाली आणि यंत्र यांचा संबंध

संगणकाची यंत्रसामग्री व आपण वापरतो त्या आज्ञावल्या यांच्यामध्ये राहून दोहोंचा व्यवहार चालविणारी जी मूलभूत आज्ञावली, तिला कार्यप्रणाली म्हणतात. कळफलकावरील कळ दाबली की अक्षर पडद्यावर उमटते, ते तिच्याच मध्यस्थीने. परंतु प्रत्येक कारखान्याच्या यंत्रभागाची भाषा निराळी असते. म्हणून कार्यप्रणालीजवळ प्रत्येक भागासाठी एकेक दुभाषा असावा लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. ज्या भागाचा दुभाषा प्रणालीजवळ नाही, तो भाग उत्तम स्थितीत असूनही मुका राहतो. यंत्र व प्रणाली यांचा मेळ बसतो किंवा नाही या प्रश्नाचा अर्धा अर्थ येथे आहे. उरलेला अर्धा अर्थ सामर्थ्याचा: प्रणालीला जेवढे बळ हवे तेवढे त्या यंत्रात आहे काय?

युनिक्सचे कुळ

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्स ही कार्यप्रणाली रचण्यास आरंभ केला. आरंभी ती पीडीपी-७ या एकाच यंत्रासाठी, त्या यंत्राच्याच सांकेतिक भाषेत लिहिली होती. १९७३ साली तिचा गाभा सी या भाषेत पुन्हा लिहिण्यात आला. त्यामुळे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाताना सर्व काही नव्याने लिहिण्याची गरज उरली नाही. एका यंत्राशी बांधलेली प्रणाली अनेक यंत्रांवर जाऊ शकली, ती या बदलामुळे.

याच धर्तीची, पण सर्वांना मुक्तपणे वापरता येईल अशी प्रणाली उभारण्याचा ग्नू प्रकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केला. तिला लागणारा गाभा, म्हणजे कर्नेल, फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आपल्या ३८६ जातीच्या संगणकासाठी लिहिला. तोच लिनक्स होय. आपली ही रचना आपल्याजवळच्या यंत्राहून निराळ्या यंत्रावर बहुधा चालणार नाही, असे त्याने आरंभीच सांगितले होते. प्रत्यक्षात जगभरच्या लोकांनी तिच्यासाठी दुभाषे लिहिले. अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या मुळाशी लिनक्सचाच गाभा असतो, आणि जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सर्व यंत्रे लिनक्सवरच चालणारी आहेत.

यावरून ‘लिनक्स कोणत्याही यंत्रावर चालते’ असा समज होतो, तो मात्र खरा नव्हे. ज्या ३८६ यंत्रावर लिनक्सचा जन्म झाला, त्याच यंत्राचा आधार २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ३.८ या आवृत्तीपासून काढून टाकण्यात आला. जुन्या यंत्रांसाठीचे दुभाषे सांभाळण्यासही माणसे व श्रम लागतात, आणि कधी तरी ते थांबवावे लागतात. यास्तव समजुतीवर विसंबून न राहता तपासणी करावी, हे उत्तम.

आपल्या शाळांत हा प्रश्न आताच का उभा राहिला, तेही ध्यानी घ्यावे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था व कंपनीच्या यादीतील प्रोसेसर असावा लागतो. या अटीत न बसणारे पुष्कळ संगणक केवळ त्या कारणाने कालबाह्य ठरले आहेत.

पहिली कसोटी : प्रोसेसर

प्रोसेसर ३२ बिटांचा आहे की ६४ बिटांचा, हे सर्वप्रथम पाहावे. ३२ बिटांत दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतके निरनिराळे पत्ते लिहिता येतात. त्यामुळे असे यंत्र साधारणतः ४ जीबीपेक्षा अधिक रॅम सरळ वापरू शकत नाही. ६४ बिटांच्या यंत्रास ही मर्यादा जाचत नाही.

बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांनी ३२ बिटांच्या संगणकांची साथ सोडली आहे. डेबियन या जुन्या व विश्वासू वितरणाची १२ वी आवृत्ती जून २०२३ मध्ये निघाली, तिच्यात ३२ बिटांच्या संगणकावर स्थापना करण्याची सोय होती. ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीत ती उरली नाही. म्हणून ३२ बिटांच्या यंत्रावर जुनी आवृत्ती चालली, तरी तिची देखभाल कायम होणार नाही हे जाणून ते यंत्र इंटरनेटला न जोडता लेखन, गणित व चित्रकला यांपुरते वापरावे.

येथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली नावाची. इंटेलचा कोअर ड्युओ व कोअर २ ड्युओ हे दोन्ही २००६ सालचे. पहिला ३२ बिटांचा, दुसरा ६४ बिटांचा. एका आकड्याने निर्णय फिरतो. दुसरी फसगत प्रणालीची. ६४ बिटांच्या प्रोसेसरवर पूर्वी पुष्कळ ठिकाणी ३२ बिटांची विंडोज बसविलेली असे. तिच्या माहितीपत्रकात प्रणाली ३२ बिटांची असे दिसते, आणि यंत्रच ३२ बिटांचे असे आपण धरून चालतो. त्या माहितीत ‘प्रणाली’ व ‘प्रोसेसर’ असे दोन निरनिराळे उल्लेख असतात. आपण प्रोसेसरचा वाचावा.

दुसरी कसोटी : रॅम

रॅम म्हणजे वर्गातील फळा आणि हार्ड डिस्क म्हणजे वर्गातील कपाट, असे मुलांना सांगितले तर समजते. पाठ चालू असताना जे डोळ्यांसमोर लागते ते फळ्यावर; कायम ठेवावयाचे ते कपाटात. फळा लहान असला तर घडीघडी पुसून लिहावे लागते व कपाटाकडे खेपा घालाव्या लागतात. संगणक मंद होतो तो बहुधा यामुळे, म्हातारपणामुळे नव्हे.

वितरणांच्या अपेक्षा निरनिराळ्या असतात. उबुंटूच्या २४.०४ आवृत्तीस ४ जीबी रॅम व २५ जीबी साठवण सांगितलेली आहे. लिनक्स मिंटला किमान २ जीबी रॅम व २० जीबी साठवण लागते. सुखाने काम व्हावयास ४ जीबी हवी. चित्ररूप पडद्यासह डेबियन १२ साठी किमान १ जीबी, आणि योग्य म्हणून २ जीबी रॅम व १० जीबी साठवण सांगितली आहे. एक्सएफसीई अथवा एलएक्सक्यूटी यांसारखा हलका पडदा निवडल्यास त्याच रॅममध्ये अधिक काम होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

तथापि हे आकडे प्रणाली उभी राहण्यापुरते आहेत. आजची संकेतस्थळे व चलच्चित्रे स्वतःच पुष्कळ रॅम खातात. २ जीबीच्या यंत्रावर जीकॉम्प्रिससारखे शैक्षणिक खेळ, टक्सपेंटवरील चित्रकला व मराठी लेखन चालेल. अनेक संकेतस्थळे एकाच वेळी उघडण्याची अपेक्षा करू नये. रॅम वाढवावयाची असल्यास जुनी पट्टी काढून दुकानी न्यावी. डीडीआर-२, डीडीआर-३ व डीडीआर-४ या पट्ट्यांच्या खाचा निरनिराळ्या ठिकाणी असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, व बळ लावल्यास मूळ फलकास इजा होते.

तिसरी कसोटी : साठवण

जुन्या यंत्रांत सर्वांत आधी झिजते ती फिरती हार्ड डिस्क. लिनक्स मिंटसारख्या वितरणात ‘डिस्क्स’ नावाच्या आज्ञावलीत तिच्या आरोग्याची माहिती मिळते. ती दोष दाखवीत असेल तर तिच्यावर नवी प्रणाली बसविणे व्यर्थ होय. यंत्रात साटा जोडणी असल्यास डिस्कच्या जागी लहानशी एसएसडी बसविता येते. जुन्या संगणकास सर्वांत अधिक तेज येते ते या एका बदलाने, आणि नव्या संगणकाच्या मानाने त्याचा खर्च थोडा असतो.

चौथी कसोटी : पडदा, इंटरनेट व मुद्रक

इंटेलच्या अंगभूत चित्रव्यवस्थेचे दुभाषे बहुधा लिनक्सच्या गाभ्यातच असतात. स्वतंत्र चित्रपत्रक असलेल्या काही यंत्रांत पडदा काळा राहतो. अशा वेळी आरंभीच्या सूचीतून ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ अथवा ‘सेफ ग्राफिक्स’ हा पर्याय निवडून पुन्हा पाहावे. पडदा काळा राहिला म्हणून यंत्र मेले, असा निष्कर्ष काढू नये.

वाय-फायची अडचण अधिक वेळा येते. काही वाय-फाय चिपांना सुरू होतेवेळी कारखान्याने दिलेली एक लहान आज्ञावली भरवावी लागते. तीस फर्मवेअर म्हणतात. ती मुक्त परवान्याची नसल्याने डेबियनच्या मूळ प्रतीत पूर्वी नसे. १२ व्या आवृत्तीपासून ती अधिकृत प्रतीत समाविष्ट आहे. जुन्या प्रतीवर वाय-फाय न दिसल्यास नवी प्रत लावून पाहावी. तोवर अँड्रॉइड भ्रमणध्वनी यूएसबी तारेने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केल्यास बहुधा इंटरनेट मिळते.

मुद्रकांत दोन जाती असतात. काही मुद्रक स्वतः पान रचतात. ते सहसा चालतात. काही स्वस्त मुद्रक पान रचण्याचे सर्व काम संगणकावर टाकतात, व त्यासाठी कारखान्याचीच विशिष्ट आज्ञावली लागते. तिची लिनक्ससाठीची प्रत नसेल तर तेथे इलाज थोडा. शाळेच्या कार्यालयाचे दाखले ज्या मुद्रकावर निघतात तो चालतो काय, हे प्रणाली बदलण्याच्या आधी पाहावे. त्याचप्रमाणे एखादे कार्यालयीन काम केवळ विंडोजवरच होत असेल, तर त्या कामाचा संगणक निराळा ठेवावा.

पेरणीपूर्वीची उगवण चाचणी

शेतकरी बियाण्याचे पोते सरळ शेतात रिकामे करीत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते आधी पाहतो. लिनक्सची अशीच चाचणी घेता येते, व तिच्यात यंत्रातील एकही अक्षर बदलत नाही.

चालू असलेल्या दुसऱ्या संगणकावर वितरणाची प्रत त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर लिहावी. ही प्रत नुसती चिकटवून चालत नाही. त्यासाठी असलेल्या साधनानेच ती लिहावी लागते, आणि पेनड्राइव्हवरील आधीचा मजकूर त्यात पुसला जातो. मग तो जुन्या संगणकास लावून यंत्र सुरू करावे, व सुरू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी त्या बनावटीची जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्ह निवडावा. काही छोट्या लॅपटॉपांत प्रोसेसर ६४ बिटांचा असूनही आरंभ करणारी मूळ आज्ञावली ३२ बिटांची असते, त्यामुळे पेनड्राइव्ह दिसत नाही. तो यंत्राचा बिघाड नव्हे.

सूचीत ‘स्थापना न करता वापरून पाहा’ या अर्थाचा पर्याय घ्यावा आणि एक संपूर्ण तासिका संगणक चालू ठेवावा. पडदा, कळफलक, माउस, ध्वनी, इंटरनेट, मुद्रक व हार्ड डिस्क ही सात अंगे एकेक करून पाहावीत. पेनड्राइव्हवरून प्रणाली मंदच चालते. त्या मंदपणावरून यंत्रास नापास करू नये.

याच वेळी टर्मिनल उघडून लहान इंग्रजी अक्षरांत काही आज्ञा द्याव्यात. ‘एल-एस-सी-पी-यू’ या पाच अक्षरांनी प्रोसेसर ३२ की ६४ बिटांचा ते कळते. ‘एफ-आर-ई-ई’ या चार अक्षरांनी रॅम दिसते. ‘एल-एस-बी-एल-के’ या आज्ञेने साठवणीची साधने, आणि ‘एल-एस-पी-सी-आय’ व ‘एल-एस-यू-एस-बी’ या आज्ञांनी यंत्रातील व यंत्रास जोडलेले इतर भाग नावानिशी कळतात. ही नावे जशीच्या तशी वहीत उतरवून घ्यावीत. जाणकारास विचारताना ‘वाय-फाय चालत नाही’ या वाक्यापेक्षा चिपेचे नाव शतपटीने उपयोगी पडते.

एक लहानसा दोष मुद्दाम सांगतो. पुष्कळ दिवस बंद राहिलेल्या संगणकाच्या मूळ फलकावरील नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी संपलेली असते. मग प्रत्येक वेळी यंत्राचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि तारीख चुकीची असल्याने सुरक्षित संकेतस्थळे उघडण्याचे नाकारतात. इंटरनेट बिघडले असे वाटते. वस्तुतः मनगटी घड्याळाच्या दुकानातही मिळू शकणारी ती बॅटरी बदलावयाची असते. आरंभी सांगितलेल्या चौथ्या संगणकात हाच दोष होता.

स्थापना करताना घ्यावयाची काळजी

चाचणी समाधानकारक झाली, तरच स्थापना करावी. स्थापनेत जुनी हार्ड डिस्क पुसली जाते, म्हणून विद्यार्थ्यांच्या नोंदी, दाखले व छायाचित्रे यांची प्रत आधी दुसरीकडे काढावी आणि ती उघडते याची खात्री करावी. मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्यावी. मराठी लेखनासाठी युनिकोडमधील इन्स्क्रिप्ट कळफलक बहुतेक वितरणांत निवडता येतो. निराळा खर्च करावा लागत नाही.

हे काम आपण एकटेच करीत आहोत असे कोणी मानू नये. केरळ राज्याने २००१ साली सुरू केलेल्या आयटी अॅट स्कूल प्रकल्पातून शाळांचे संगणक शिक्षण मुक्त प्रणालींवर नेले. मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारित व भारतीय भाषांची सोय असलेली बॉस ही प्रणाली तयार केली आहे. आपल्या केंद्रातही एखादा तरी शिक्षक या कामाचा जाणकार असतो. केंद्रसंमेलनात त्यास अर्धा तास द्यावा.

आता अखेरची सूचना. ज्या शाळेत झाकून ठेवलेला संगणक आहे, तिने नोंदवहीत एक पान राखावे व त्यावर पुढील बाबी लिहाव्यात: खरेदीचे वर्ष, प्रोसेसरचे नाव व बिट, रॅम, डिस्कचे आरोग्य, चित्र व वाय-फाय चिपांची नावे, चाचणीची तारीख, वितरणाचे नाव व आवृत्ती, आणि सात अंगांपैकी चाललेली व न चाललेली अंगे. देणगीदाखल कोणी जुने संगणक देऊ केल्यास स्वीकारण्यापूर्वी हेच पान भरावे. चाचणीत यंत्र खरोखरच उतरले नाही, तर ते अधिकृत पुनर्चक्रणाकडे जाऊ द्यावे. त्याचा मोह धरू नये.

यापुढे ‘कालबाह्य’ या कारणाचा निर्लेखन प्रस्ताव पाठविताना हे भरलेले पान सोबत जोडावे, अशी माझी विनंती आहे. ते पान वाचल्यावाचून मी सही करणार नाही.

— शिक्षण विस्तार अधिकारी